गोंदवून घेतले, मग रक्तदान कधी?

रक्तदान शिबिरात खाटेवर आडवे होण्याआधी एक अर्ज भरावा लागतो. नाव, वय, वजन, रक्तगट हे रकाने सगळेच नीट भरतात. त्याखालची प्रश्नावली मात्र पुष्कळ जण न वाचताच ‘नाही’च्या रकान्यात खुणा करत संपवून टाकतात. याच प्रश्नावलीत एक प्रश्न असतो : गेल्या वर्षभरात तुम्ही अंगावर गोंदवून घेतले आहे का, कान, नाक किंवा शरीराचा आणखी कुठला भाग टोचून घेतला आहे का?

नागपुरात हा प्रश्न आता दुर्लक्ष करण्यासारखा राहिलेला नाही. बर्डी, धरमपेठ, सदर या भागांत टॅटू स्टुडिओ आहेत. जत्रेत आणि आठवडी बाजारात बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन गोंदणारे बसतात. मनगटावर ‘आई’, दंडावर महादेव, छातीवर ‘जय भीम’ गोंदवून घेणारी तरुण मुले कॉलेजात आणि वस्त्यांत सहज दिसतात. लग्नसराईत नाक टोचून घेणाऱ्या मुली असतात आणि कानाला दुसरे-तिसरे भोक पाडून घेणारी मुलेही असतात. याच वयोगटाच्या भरवशावर शहरातल्या रक्तपेढ्या चालतात. १४ एप्रिलची जयंती असो, गणेशोत्सव असो की कॉलेजचे स्नेहसंमेलन, शिबिरात रांग लावतो तो हाच तरुण.

या तरुणांमध्ये दोन समजुती पसरलेल्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली अशी की, एकदा टॅटू काढला की माणूस रक्तदानातून आयुष्यभरासाठी बाद. ही समजूत चांगले दाते कायमचे घरी बसवते. दुसरी समजूत अशी की, एवढ्याशा टॅटूने काय होते, रक्त तर नंतर तपासतातच. ही समजूत एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

नियम काय सांगतो?

गोंदवून घेतल्यापासून किंवा अंग टोचून घेतल्यापासून १२ महिने रक्तदान करता येत नाही. १२ महिने पूर्ण झाले आणि बाकी तब्येत ठणठणीत असली, की पुन्हा पूर्वीसारखे रक्तदान करता येते. भारतातला नियम एवढाच आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने रक्तदात्यांच्या निवडीसाठी २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ही मुदत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत मार्च २०२० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा ती कायद्याच्या चौकटीतही आली.

जुने रक्तदाते ‘सहा महिने थांबा’ असे सांगतात. ते मनाचे सांगत नाहीत. त्याआधीच्या नियमांत टॅटूसाठी सहा महिन्यांचीच मुदत होती. आता ती दुप्पट झाली आहे, म्हणून सल्ला देणाऱ्यांनीही नवी मुदतच सांगायला हवी.

मुदत मोजायची ती शेवटच्या सुईपासून. मोठा टॅटू दोन-तीन बैठकांत पूर्ण होतो. तिथे शेवटच्या बैठकीची तारीख धरायची. जुन्या टॅटूत नवा रंग भरून घेतला, तरी त्या दिवसापासून पुन्हा १२ महिने. टॅटू केवढा आहे याला महत्त्व नाही. अंगठ्याच्या मुळाशी काढलेला तीन ठिपक्यांचा टॅटू आणि पाठभर पसरलेला वाघ, दोघांना नियम सारखाच. गोंदण किती जुने, एवढाच प्रश्न आहे. म्हणून विदर्भातल्या ज्या बायाबापड्यांच्या हातांवर बालपणीचे गोंदण आहे, त्यांना त्या गोंदणाची कसलीही आडकाठी नाही.

आपल्याकडे गोंदण काही काल-परवा आलेले नाही. गोंड, कोरकू, परधान समाजातल्या थोरल्या स्त्रियांच्या हातांवर आणि पोटऱ्यांवर ठिपक्या-रेषांची गर्द निळी-हिरवी नक्षी आजही पाहायला मिळते. सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे मेल्यावर सोबत येते, असे या स्त्रिया सांगत आल्या आहेत. कुणब्या-माळ्यांच्या घरांतही कपाळावर टिकली आणि हातावर तुळशीवृंदावन गोंदवण्याची रीत होती. दिव्याची काजळी तेलात किंवा झाडपाल्याच्या रसात कालवायची आणि जुळवून बांधलेल्या सुयांनी ती कातडीत टोचत जायची, ही गोंदण्याची जुनी तऱ्हा. एकाच सुयांनी, एकाच वाटीतल्या काजळीने एकामागून एक मुली गोंदल्या जात. रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंची तेव्हा कुणालाच माहिती नव्हती. आज आहे, आणि म्हणूनच नियम आहे.

सुई कातडीखाली काय करते?

आपली त्वचा दोन मुख्य थरांची असते. वरचा थर सतत झडतो आणि नव्याने तयार होतो. रंग त्या थरातच राहिला असता, तर महिन्याभरात पुसला गेला असता. म्हणून टॅटूची सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत, खालच्या थरात जाते. या थरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. यंत्राची सुई मिनिटाला शेकडो ते दोन-तीन हजार वेळा आत-बाहेर करते. दर वेळी ती रंगाचा एक कण आत सोडते आणि रक्ताचा अंश बाहेर आणते. टॅटू काढताना कारागीर मधूनमधून कापडाने जे पुसत असतो, त्यात रंगाबरोबर रक्तही असते.

आत गेलेला रंग शरीराला परका वाटतो. भक्षक पेशी धावून येतात, रंगाचे कण गिळतात आणि ते पचवता न आल्यामुळे तिथेच बसून राहतात. या पेशी मेल्या की त्यांचा रंग नव्या पेशी गिळतात. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून ही साखळी दाखवून दिली. रोगप्रतिकारक यंत्रणेची ही अखंड राखण चालते म्हणून टॅटू जन्मभर टिकतो.

रंगाचा थेट रक्तदात्याच्या पात्रतेशी संबंध नाही. प्रश्न सुईचा आहे. तीच सुई आधीच्या माणसाच्या रक्तात बुडून आली असेल आणि नीट निर्जंतुक झाली नसेल, तर त्या माणसाच्या रक्तातले विषाणू पुढच्याच्या त्वचेखाली जातात. सुई नवी, पण रंगाची वाटी जुनीच, असे असले तरी धोका तोच. सुई बुडवताना रक्ताचा अंश वाटीत उतरतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच वाटीतला रंग मिळतो.

अशा मार्गाने येणारे तीन विषाणू महत्त्वाचे : हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. त्यांतही बी सर्वांत चिवट. शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात तो किमान सात दिवस तग धरतो. रक्ताचा डागही दिसणार नाही अशा सुईवर तो असू शकतो. एचआयव्ही त्या मानाने नाजूक असतो आणि बाहेर फार काळ टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात हिपॅटायटिस बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख आणि हिपॅटायटिस सी असलेले सुमारे ५५ लाख लोक आहेत. यांतल्या बहुतेकांना आपल्याला आजार आहे याची जाणीवही नसते, कारण वर्षानुवर्षे काहीही त्रास होत नाही. टॅटूवाल्याकडे आपल्या आधी कोण बसून गेले, हे ना त्याला माहीत असते ना आपल्याला.

तपासणीच्या नजरेआडचे दिवस

‘रक्त तर तपासतातच’ हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे. पण संसर्ग झाला त्याच दिवशी तो चाचणीत दिसत नाही. पेरणी झाल्यावर काही दिवस वावर रिकामेच दिसते. बी मात्र मातीत असते. विषाणूचेही तसेच आहे. शरीरात शिरून त्याची संख्या वाढावी लागते, मग शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करावी लागतात, आणि त्यानंतर नेहमीची चाचणी त्याला पकडते. संसर्ग होणे आणि तो चाचणीत दिसणे यांमधल्या काळाला वैद्यकात ‘विंडो पिरियड’ म्हणतात.

हा काळ प्रत्येक विषाणूचा वेगळा आणि प्रत्येक चाचणीनुसारही वेगळा. नेहमीच्या एलायझा पद्धतीने पाहिले, तर एचआयव्ही दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, हिपॅटायटिस बीला पाच ते सहा आठवडे आणि हिपॅटायटिस सीला दोन महिन्यांच्या आसपास. काही जणांत त्याहून जास्त. ‘नॅट’ नावाची चाचणी विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधते, त्यामुळे हा काळ बराच आखडतो. तिच्यात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी साधारण आठवडा-दीड आठवड्यात आणि हिपॅटायटिस बी तीन-चार आठवड्यांत दिसू शकतो. नॅटमुळे हे नजरेआडचे दिवस कमी होतात, पण पूर्ण मिटत नाहीत. शिवाय ती महागडी आहे आणि देशात ती सर्व रक्तपेढ्यांना सक्तीची नाही.

या नजरेआडच्या दिवसांत दात्याने रक्त दिले, तर त्याच्या पिशवीवर ‘सुरक्षित’ असा शिक्का बसतो. तंत्रज्ञाने काम चोख केलेले असते, यंत्रही बरोबर असते, आणि तरीही विषाणू रुग्णाच्या शरीरात जातो. त्या आधीच्या महिन्यांत आपल्या अंगात सुई गेली होती, हे फक्त दात्यालाच माहीत असते. प्रयोगशाळा जे पाहू शकत नाही, ते दात्याचे खरे उत्तर दाखवून देते. म्हणून अर्जातला तो प्रश्न म्हणजे रक्ताची पहिली तपासणीच आहे.

नागपूरचे रुग्ण कोण?

हा सगळा विचार नागपूरला इतरांपेक्षा अधिक लागू पडतो. विदर्भ हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा पट्टा आहे. शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दलचा शोधनिबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर विदर्भातल्या घराघरांत या आजाराने किती जणांना जखडले, हे इथल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. सिकलसेलच्या रुग्णाला गंभीर झटक्यात, बाळंतपणात, पक्षाघात टाळण्यासाठी रक्त द्यावे लागते. त्याच्या जोडीला थॅलेसेमियाची मुले आहेत. त्यांच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयारच होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणे हाच त्यांचा श्वास. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांकडे आणि धर्मादाय रक्तपेढ्यांकडे अशा मुलांचे आईबाप महिनोन्महिने येत राहतात.

एक साधा हिशेब करून पाहा. तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली, तरी वर्षाला सतरा पिशव्या होतात. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास रक्त सुरू झालेले मूल दहा वर्षांचे होईपर्यंत दीडशेहून जास्त अनोळखी माणसांचे रक्त घेऊन झालेले असते. एका पिशवीतला धोका अगदी नगण्य असला, तरी तो दीडशे वेळा पत्करावा लागतो. अपघातात आयुष्यात एकदा रक्त लागलेल्या माणसाचा आणि या मुलाचा हिशेब एक नाही.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. मे २०२२ मध्ये नागपुरातूनच बातमी आली की, रक्त चढवले गेलेली थॅलेसेमियाची चार मुले एचआयव्हीबाधित आढळली आणि त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला. राज्याच्या आरोग्य विभागाने चौकशी सुरू केली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस पाठवली. त्याआधी २०११ मध्ये गुजरातेतल्या जुनागढमध्ये थॅलेसेमियाची २३ मुले एचआयव्हीबाधित आढळली होती. या घटनांमागे टॅटू होता असे कोणी म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. पण रक्तातून संसर्ग ही पुस्तकातली शक्यता नाही, आणि त्याची किंमत कोण मोजते, हे या घटनांनी दाखवले. नॅट तपासलेले रक्त या मुलांना मिळावे ही मागणी नागपुरातून जोराने पुढे आली.

शिवाय एक पिशवी एकालाच जाते असेही नाही. बहुतेक ठिकाणी तिचे घटक वेगळे केले जातात. तांबड्या पेशी एकाला, प्लेटलेट दुसऱ्याला, प्लाझ्मा तिसऱ्याला. दात्याचे एक खोटे ‘नाही’ असे तिघांपर्यंत पोहोचू शकते.

नियम इतका कडक का?

चाचणीत न दिसणारा काळ फार तर दोन-तीन महिन्यांचा असेल, तर वर्षभर का थांबायचे, असा रास्त प्रश्न कोणीही विचारेल. इतर देशांकडे पाहिले, तर मुदती बऱ्याच वेगवेगळ्या दिसतात. ब्रिटनमध्ये चार महिने. युरोपीय संघाच्या नियमांत सहा महिने, पण हिपॅटायटिस सीची नॅट चाचणी निर्दोष आली तर चार महिने. अमेरिकेत २०२० पर्यंत १२ महिने होते, आता तीन महिने. आणि राज्य सरकारच्या देखरेखीखालच्या दुकानात, निर्जंतुक सुयांनी आणि पुन्हा न वापरलेल्या रंगाने टॅटू काढला असेल, तर थांबण्याचीही गरज नाही.

ही सवलत दुकानांवरच्या देखरेखीमुळे मिळालेली आहे. परवाना, तपासणी, निर्जंतुकीकरणाची नोंद हे सगळे तिथे असते. आपल्याकडे टॅटूच्या धंद्यासाठी देशभर लागू असा वेगळा परवाना कायदा नाही. चांगला स्टुडिओ आणि जत्रेतली चटई यांत फरक आहे हे सगळे जाणतात, पण तो फरक दाखवणारा सरकारी कागद नाही. शिबिरातला डॉक्टर दात्याच्या दंडावरचा टॅटू पाहून सुई नवी होती की जुनी हे सांगू शकत नाही. अशा स्थितीत सर्वांना एकच लांब मुदत लावणे हाच रुग्णाच्या बाजूचा निर्णय ठरतो. चांगल्या, स्वच्छ दुकानांत टॅटू काढणाऱ्यांवर यात थोडा अन्याय होतो हे खरे. जाणकार कारागिराकडे, व्यवस्थित दुकानात काढलेल्या टॅटूमुळे हिपॅटायटिस सीचा धोका वाढतो याचा ठोस पुरावा नाही. तो वाढतो ते तुरुंगात, मित्राच्या खोलीवर, हौशी हातांनी काढलेल्या टॅटूमुळे, असा निष्कर्ष २०१२ च्या एका मोठ्या वैद्यकीय आढाव्याने काढला आहे. टॅटूच्या दुकानांना परवाना आणि सर्व रक्तपेढ्यांत नॅट या दोन गोष्टी झाल्या, तर आपलीही मुदत कमी करता येईल आणि ती व्हायला हवी. तोपर्यंत मात्र १२ महिने पाळणे हेच बरोबर आहे.

हा कडकपणा कुठून आला, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. एके काळी देशात पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर रक्तपेढ्या चालत. गरजेपोटी ती माणसे आजार लपवत. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा उभ्या राहिल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीवर बंदी आली. स्वेच्छा रक्तदात्यावर सगळी व्यवस्था उभी केली, ती या विश्वासावर की, ज्याला पैसे नकोत तो खोटे बोलणार नाही. शिबिरात मिळणाऱ्या बॅगेसाठी किंवा हेल्मेटसाठी ज्याने टॅटूची गोष्ट लपवली, त्याने हा विश्वास मोडला.

कशाला थांबायचे, कशाला नाही?

सुईने किंवा बंदुकीने कातडी भेदली जाते अशी कोणतीही गोष्ट डॉक्टरांना सांगायची, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरते. इतवारीच्या सराफा ओळीत सोनाराने सोन्याच्या तारेने नाक टोचले, ब्यूटी पार्लरमध्ये बंदुकीने कान टोचला, भुवई, नाभी किंवा जीभ टोचून घेतली, या सगळ्यांना १२ महिने. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया घेतल्या, तरी तेवढेच. भुवयांना कायमचा रंग भरून घेणे, चेहऱ्यावर सुयांचा रोलर फिरवून घेणे हे पार्लरमधले नवे प्रकारही कातडी भेदतातच. तेही लपवू नयेत. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर सुया टोचून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले. दुकान चकचकीत आहे म्हणून सुई स्वच्छ आहे असे होत नाही.

हातावरची मेंदी, पाण्याने उठणारा स्टिकरचा टॅटू, चिकटवलेली किंवा दाबून बसवायची चमकी यांना काहीच मुदत नाही, कारण कातडीला भोकच पडलेले नसते. लहानपणी बाराव्या दिवशी टोचलेल्या कानांचाही प्रश्न नाही. त्याच जुन्या भोकात नवे कानातले घातले, तरी चालते.

टॅटूची मुदत संपली म्हणजे रक्तदान नक्की, असे मात्र नाही. बाकीच्या अटी असतातच. वय १८ ते ६५, आणि पहिल्यांदा रक्त देणाऱ्याचे वय ६० च्या आत. ३५० मिलिलिटर रक्त देण्यासाठी वजन किमान ४५ किलो, ४५० मिलिलिटरसाठी ५५ किलो. हिमोग्लोबिन किमान १२.५. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर. उपाशीपोटी जायचे नाही.

हिमोग्लोबिनची तपासणी अनेक शिबिरांत अजूनही निळ्या द्रावणाने होते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या द्रावणात सोडतात. या द्रावणाची घनता नेमकी १.०५३ ठेवलेली असते. थेंब १५ सेकंदांच्या आत तळाशी गेला, तर हिमोग्लोबिन पुरेसे. तरंगला किंवा मध्येच अडकला, तर कमी. त्यानंतर डॉक्टर दोन्ही हात पाहतात : कोपराच्या खोबणीत कातडी निरोगी आहे ना, सुयांच्या खुणा तर नाहीत ना, ताज्या टॅटूची लाली किंवा खपली तर नाही ना. जुना टॅटू बरोबर शिरेवर असेल, तर दुसऱ्या हातातून रक्त घेता येते. टॅटू दिसला म्हणून चांगला डॉक्टर कुणालाही हिणवत नाही, ‘केव्हा काढला?’ एवढेच विचारतो.

रक्तदान ही चाचणी नव्हे

काही जण एक फार धोक्याची गोष्ट करतात. कुठेतरी संशयास्पद ठिकाणी टॅटू काढलेला असतो, मनात धाकधूक असते, आणि ‘रक्तदान केले की फुकटात तपासणी होईल’ या विचाराने ते शिबिरात जातात. असे कधीही करू नका. ज्या आठवड्यांत तुम्हाला शंका असते, त्याच आठवड्यांत चाचणी चुकण्याची शक्यता सर्वाधिक असते.

शंका असेल तर मेडिकल, मेयो यांसारख्या सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची समुपदेशन आणि तपासणी केंद्रे आहेत. तिथे तपासणी मोफत होते. नाव गुप्त ठेवणे एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही मोफत माहिती देते. हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. हिपॅटायटिस सी आज साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. बीसाठी लस आहे : शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. देशभर बाळांना ती २०११ नंतर मिळू लागली, म्हणजे आज टॅटू काढणाऱ्या पिढीतल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेली नसेल. आपल्या डॉक्टरांना विचारून ती घ्यावी.

रक्त देऊन झाल्यावर टॅटूची गोष्ट आठवली, तर? लाज न बाळगता त्याच दिवशी रक्तपेढीला फोन करा आणि पिशवीचा क्रमांक किंवा शिबिराचे ठिकाण सांगा. पिशवी वेळेत बाजूला काढता येते. मित्रांसमोर खरे सांगायला संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगा. परत पाठवण्याचे कारण बाहेर कुणाला कळत नाही. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी आणि कॉलेजांनीही आकड्यांची चढाओढ थोडी सोडावी. ‘आमच्या इतक्या बाटल्या झाल्या’ यापेक्षा ‘आमच्याकडे कुणीही खोटे लिहिले नाही’ याचा अभिमान मोठा आहे. परत पाठवलेल्या दात्याची तारीख लिहून ठेवून वर्षाने त्याला बोलावणारे मंडळ नागपूरच्या रक्तपेढ्यांवर खरा उपकार करते.

गोंदवायचेच असेल तर

हौस करू नये असे मी म्हणणार नाही. डोळे उघडे ठेवून करावी. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले गेले पाहिजे. रंग छोट्या वाटीत काढून घेतला पाहिजे आणि उरलेला रंग बाटलीत परत न ओतता फेकला गेला पाहिजे. कारागिराचे हातमोजे नवे असावेत. मधेच फोन घेतला, तर मोजे बदलले पाहिजेत. जत्रेत, रस्त्याकडेला, मित्राच्या खोलीवर सुई लावून घेऊ नये. पार्लरमधली प्लास्टिकची टोचण्याची बंदूक वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करता येत नाही, म्हणून एकदा वापरून फेकायच्या निर्जंतुक सुईने टोचणाराच शोधावा. सोनाराकडे गेलात, तर तार आपल्यासमोर नवी काढायला सांगा.

आणि एक गोष्ट कॅलेंडरवर लिहून ठेवा. वैशाखाच्या उन्हात नागपूरच्या रक्तपेढ्यांत दरवर्षी रक्ताची ओढाताण होते, कारण कॉलेजे बंद असतात, लोक गावी जातात आणि शिबिरे कमी होतात. नेमकी याच सुट्टीत टॅटूची आणि लग्नसराईत नाक टोचण्याची हौस उफाळून येते. म्हणून टॅटूची वेळ घेण्याआधी जवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन या. आधी रक्तदान, मग गोंदण. आणि गोंदण आधीच झाले असेल, तर त्याची तारीख मोबाइलमध्ये नोंदवा, १२ महिने मोजा आणि तेरावा महिना लागला की पुन्हा रांगेत या. तुमच्या दंडावरच्या चित्रावर कुणाचाही आक्षेप नाही. फक्त अर्जातल्या त्या एका प्रश्नाचे उत्तर खरे लिहा.